आखाजीचा डाव आणि ड्रॅगनचा करार

आखाजीची दुपार. पारोळ्याजवळचं मामांचं गाव. खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आमरस यांनी पोट इतकं जड झालेलं, की उन्हातून सावलीत सरकणंही जिवावर यावं. निंबाला बांधलेल्या झोक्यावर माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या आणि ओट्यावर सतरंजी टाकून पुरुषमंडळी पत्ते कुटत बसली होती. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हटली की पत्ते आलेच. एरवी वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूसही या दिवशी दोन डाव टाकतो. आमच्या ओट्यावर पैशांऐवजी आगपेटीतल्या काड्या लावल्या होत्या. निदान पोरं आजूबाजूला होती तोवर तरी.

डाव तीन पत्तीचा. शिरपूरकडच्या जावयांनी एक्का-दुर्री-तिर्री टाकली आणि काड्यांच्या ढिगाकडे हात नेला. यावलकडच्या जावयांनी तो हात वाटेतच अडवला. त्यांच्याकडे एक्का-राजा-राणी होती. एका गावात एक मोठी, दुसऱ्या गावात दुसरी. "आमना गावमा असं नही खेयतस!" आवाज चढले, झोक्यावरची गाणी थांबली. शेवटी मामांनी पान गालात सरकवलं आणि निकाल दिला, "जेनं घर, तेना नियम." काड्या यावलकडे गेल्या, डाव पुढे सुरू झाला.

इतक्या वादावादीत एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही: या खेळाचा मालक कोण? नियम बदलायची परवानगी कुणाकडून घ्यायची? असा प्रश्न पडावा, हेच त्या ओट्यावर हास्यास्पद ठरलं असतं. तीन पत्ती हवेसारखी आहे, सगळ्यांची.

पण जगात असा एक खेळ आहे, ज्याच्या नियमांना मालक आहे, मालकाकडे वकील आहेत, आणि ज्याच्या नियमांच्या एका करारावरून जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मोठं वादळ उठलं. तो खेळ खेळणारे लोक मामांच्या निकालासाठी एक शब्दही वापरतात. ते त्याला 'हाउस रूल' म्हणतात. ज्याचं घर, त्याचा नियम.

एक किल्ला, एक फासा

या जातीच्या खेळाला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. पट बहुतेक वेळा नसतोच, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात: कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी लढवय्या. तमाशाच्या वगाला पूर्वी बांधीव संहिता नसायची. गोष्टीचा सांगाडा ठरलेला असे आणि सोंगाड्या ऐन वेळी सुचेल ते बोलत असे. हा खेळ साधारण तसाच, फक्त इथे प्रेक्षक नसतात आणि शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

खेळूनच पाहू. समजा, मी सूत्रधार आहे.

"धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा किल्ला. फारुकी राजांचा काळ. अमावस्येची रात्र. दरवाजाला आतून अडसर आहे. तटावर एक पहारेकरी, त्याच्या हातात दिवटी. तुम्ही खाली बोरीच्या झुडपात दडून बसला आहात. काय कराल?"

तुम्ही म्हणता, "मागच्या अंगाने तट चढतो."

चढता येईल का? हे मी ठरवलं तर तो माझा पक्षपात होईल, तुम्ही ठरवलं तर खेळच संपेल. म्हणून आपण दोघं फाशाला विचारतो. हा फासा वीस पैलूंचा असतो. मी मनाशी म्हणतो, तट अवघड आहे, १५ हवेत. तुमचं सोंग चोराचं, चढण्याचा सराव असलेलं, म्हणून पडेल त्या आकड्यात ३ मिळवायचे. म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. वीसपैकी नऊ आकडे तुमच्या बाजूचे, शेकडा ४५ शक्यता. तुम्ही फासा टाकता. तो टेबलावर घरंगळतो, चहाच्या कपाला आपटतो, थांबतो. ११. तीन मिळवले की १४.

एकाने हुकलं.

त्या एका आकड्यात अख्खी गोष्ट वळते. तुमच्या पायाखालचा दगड निसटतो, टप्प्याटप्प्याने खाली जातो आणि तटावरची दिवटी तुमच्या दिशेला वळते. "आता काय कराल?"

वीस पैलूंचा फासा टाका, कौशल्याचा आकडा मिळवा, ठरलेल्या संख्येशी ताडून पाहा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या जगप्रसिद्ध खेळाच्या आजच्या नियमांचा गाभा इतकाच आहे. बाकी शेकडो पानं या एका कृतीचे तपशील आहेत.

आता गंमत बघा. वर आपण जे खेळलो त्यात कुणाचं काय होतं? किल्ला फारुकींचा. गोष्ट तुमची-माझी. वीस त्रिकोणी पैलूंची घनाकृती प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होती. बेरीज तर पहिलीतल्या पोराचीसुद्धा आहे. मग या खेळाच्या मालक कंपनीचं नेमकं काय उरलं?

भरीत कुणाचं?

याचं उत्तर जळगावच्या भरितात सापडतं. वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, हिरव्या मिरच्या-लसणाचा ठेचा, शेंगदाणे, कांद्याची पात घालायची. ही कृती कुणाचीच मालमत्ता नाही. नागपूरच्या माणसाने केलं तरी चालतं, न्यूयॉर्कच्याने केलं तरी. पण 'जळगावचं भरीत वांगं' या नावाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडची वांगी त्या नावाने विकता येत नाहीत. आणि एखाद्या ताईंनी भरितावर पुस्तक लिहिलं, तर त्यातली त्यांची वाक्यं त्यांची. ती जशीच्या तशी छापून विकता येणार नाहीत. कृती सगळ्यांची, नाव हक्कदारांचं, शब्द लिहिणाऱ्याचे.

खेळांचंही असंच आहे. स्वामित्व हक्काचा कायदा कल्पनेला किंवा पद्धतीला कुंपण घालत नाही. ती ज्या शब्दांत, ज्या चित्रांत मांडली त्यांना घालतो. या भेदाचा एक जुना अमेरिकन खटला तर जळगावच्या सराफ बाजारातल्या मुनीमजींनाही आवडावा असा आहे. चार्ल्स सेल्डन नावाच्या गृहस्थांनी वहीखातं मांडायची नवी रीत काढून तिच्यावर पुस्तक लिहिलं. बेकर नावाच्या दुसऱ्याने जवळपास त्याच रीतीच्या वह्या छापून विकल्या. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७९च्या सुमारास निकाल लागला: पुस्तक सेल्डनचं, पण हिशेबाची रीत वापरायला सगळे मोकळे.

आपल्याकडे हा प्रश्न २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आला, तोही खेळाच्याच निमित्ताने. कोलकात्याच्या दोन भावांनी 'स्क्रॅबल'सारखा शब्दखेळ इंटरनेटवर आणला होता, 'स्क्रॅब्युलस' नावाने. फेसबुकवर तो तुफान चालला. स्क्रॅबलचे हक्क बाळगणारी मॅटेल कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने खेळाच्या नियमांवर आणि पटाच्या मांडणीवर स्वामित्व हक्क मान्य केला नाही. नियम सांगायच्या वाटाच इतक्या थोड्या असतात, की शब्दांना कुंपण घातलं तर खेळालाच कुंपण पडेल. पण नाव मात्र फार जवळचं होतं, ते वापरायला मनाई झाली. भावांनी खेळाचं नाव 'लेक्स्युलस' ठेवलं. भरीत शिजत राहिलं, फक्त पाटी बदलली.

मग प्रश्न उभा राहतो: नियम मुळात मोकळेच असतील, तर त्यांच्यासाठी करार कशाला हवा?

कारण बांध पुसट असतो. पद्धत कुठे संपते आणि शब्द कुठे सुरू होतात, हे शेताच्या बांधासारखं आहे. दोन शेजारी समजूतदार असले तर काही अडत नाही. एकाकडे पैसा आणि वकील असले की दुसरा आपल्याच शेतात नांगर घालायला बिचकतो. वाद जिंकण्याआधीच लहान माणूस कोर्टाच्या पायऱ्यांवर थकतो.

स्पर्धकाच्या हाती किल्ली

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी बाजारात आणला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा म्हणून लहानसं गाव आहे, तिथे टीएसआर नावाची कंपनी निघाली. पहिली छपाई फक्त १,००० प्रतींची होती. पुढे खेळ वाढला आणि नव्वदच्या दशकात कंपनीला कोर्टकचेरीची इतकी सवय लागली, की चाहते तिच्या आद्याक्षरांचा अर्थ 'दे सू रेग्युलरली', म्हणजे 'हे सदा दावे लावतात', असा करू लागले. १९९७ मध्ये डबघाईला आलेली टीएसआर 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने विकत घेतली. दोन वर्षांनी त्या कंपनीलाच हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या उद्योगाने घेतलं.

आणि २००० साली एक अचंब्याची गोष्ट घडली. खेळाची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने नियमांचा मोठा भाग एका दस्तऐवजात काढला आणि सोबत 'ओपन गेम लायसन्स' नावाचा करार जोडला. त्याचा मथितार्थ असा: हे नियम घ्या, छापा, बदला, यांवर आपली पुस्तकं लिहा, विका. आम्हाला एक पैसा देऊ नका. अट एवढीच, की हा करार आपल्या पुस्तकात छापा आणि ज्या गोष्टी आम्ही राखून ठेवल्या आहेत, म्हणजे आमची खास नावं, पात्रं, काही राक्षस, त्यांना हात लावू नका.

ज्यांच्याशी स्पर्धा, त्यांनाच गोदामाची किल्ली! यामागे रायन डॅन्सी नावाच्या अधिकाऱ्याचा विचार होता. मोकळ्या संगणकप्रणालीच्या चळवळीकडून, रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू परवान्याकडून त्यांनी कल्पना उचलली. हिशेब मात्र पक्क्या व्यापाऱ्याचा होता. असा खेळ विकत घेताना माणूस पुस्तकाच्या गुणांपेक्षा आधी एकच पाहतो: माझ्याबरोबर खेळणारे कोण? पत्ते घराघरांत का टिकले? तर कुठल्याही गावात चौथा भिडू मिळतो म्हणून. तेव्हा खेळाची खरी पुंजी म्हणजे खेळणारी माणसं. किल्ल्यांचे नकाशे आणि नव्या गोष्टी यांची छोटी पुस्तकं मोठ्या कंपनीला परवडत नाहीत, लहान प्रकाशकाला परवडतात. त्यांनी ती काढली की खेळणारे वाढतील, आणि वाढलेला प्रत्येक खेळाडू मूळ नियमपुस्तक आमच्याकडूनच घेईल.

हिशेब बरोबर निघाला. शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. पहिल्या काही वर्षांत पुस्तकांचा इतका पूर आला, की दुकानदारांना ठेवायला जागा पुरेना. बराच गाळही वाहून आला. पण हिशेबात नसलेली एक गोष्टही घडली. २००८ मध्ये कंपनीने चौथी आवृत्ती काढली आणि तिच्यासाठी कडक करार आणला. तेव्हा पायझो नावाच्या प्रकाशकाने जुने, मोकळे नियम उचलले, सुधारले आणि २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतंत्र खेळ काढला. काही काळ तर त्याने मूळ खेळालाही विक्रीत मागे टाकलं. बियाणं वाटणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याचं पीक जोमदार आलं, आणि करारानुसार तक्रारीला जागाच नव्हती.

राहून गेलेला एक शब्द

पाचवी आवृत्ती २०१४ ची. दोन वर्षांनी तिचेही नियम जुन्याच खुल्या कराराखाली आले. खेळ पुन्हा भरभराटीला आला, लोक तो खेळताना स्वतःचं चित्रण करू लागले आणि लाखो लोक ते बघू लागले. मग जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात एका नव्या कराराचा मसुदा फुटला आणि पत्रकार लिंडा कोडेगा यांनी त्यातला मजकूर उघड केला.

मसुद्यात लिहिलं होतं, की वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल झाली तर वरच्या रकमेवर शेकडा २५ पर्यंत हिस्सा द्यावा लागेल. पण खरी ठिणगी पडली दुसऱ्याच ओळीवरून: २००० सालचा करार यापुढे 'अधिकृत' राहणार नाही.

बावीस वर्षं ज्या कागदावर लोकांनी घरं बांधली, तो कागद असा काढून घेता येतो? सगळ्यांनी जुना करार पुन्हा काढून भिंगाखाली वाचला. एका पानात मावेल एवढा मजकूर. त्यात परवाना 'कायमचा' आहे असं स्पष्ट होतं. 'मागे न घेता येणारा' असं मात्र कुठेच नव्हतं. शिवाय नवव्या कलमात म्हटलं होतं, की या कराराची कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरता येईल. अधिकृत कोण ठरवणार? जो देतो तो. एका राहून गेलेल्या विशेषणाच्या फटीतून आणि एका घातलेल्या विशेषणाच्या दारातून हजारो लोकांचा धंदा वाहून जाऊ शकत होता. विशेष म्हणजे पूर्वी कंपनीनेच खुलासा केला होता, की नवी आवृत्ती पसंत नसेल तर जुनी वापरत राहा. पण खुलासा कराराच्या आत नव्हता. तो तोंडी शब्दाच्या वजनाचा ठरला.

पुढचे तीन आठवडे बघण्यासारखे होते. खेळाडूंनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद करायचा सपाटा लावला. पायझोने इतर प्रकाशकांना घेऊन, कुठल्याही प्रकाशकाच्या मुठीत नसेल असा 'ऑर्क' नावाचा वेगळा परवाना बनवायची घोषणा केली. तो त्याच वर्षी जूनमध्ये पुरा झाला. कंपनीने सुधारित मसुदा लोकांपुढे ठेवून मतं मागवली. १५,००० हून अधिक उत्तरं आली. त्यांतल्या शेकडा ८८ जणांनी सांगितलं, या कराराखाली आम्ही काहीही छापणार नाही.

२७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली, आणि नुसती माघार घेतली नाही, तर सुमारे ४०० पानांचा अख्खा नियम-दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या परवान्याखाली मोकळा करून टाकला. या परवान्याचा मजकूर कंपनीचा नाही. तो त्याच नावाच्या ना-नफा संस्थेचा आहे, आणि जगभरात फोटोंपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत हजारो ठिकाणी तोच लागतो. विकिपीडियावरचे मराठी लेखही त्याच कुटुंबातल्या परवान्याखाली असतात. त्या मजकुरात तो राहून गेलेला शब्द आहे: मागे न घेता येणारा. आता मालकाचं मन फिरलं, मालक बदलला, कंपनी बुडाली, तरी ही ४०० पानं परत कपाटात जाणार नाहीत.

चंद्र, सूर्य आणि गाढव

हे वाचत असताना मला हसू आलं. कारण जो शब्द सिअ‍ॅटलजवळच्या त्या कंपनीच्या वकिलांकडून २००० साली राहून गेला, तो महाराष्ट्राच्या मातीत हजारएक वर्षांपूर्वीपासून दगडावर कोरलेला आहे. तोही अक्षरं न येणाऱ्यालाही वाचता येईल अशा पद्धतीने.

गावोगावी गधेगाळ दिसतात. शिलाहार-यादवांच्या काळातले दानाचे हे दगड. वरच्या भागात चंद्र आणि सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं एक असं चित्र, की सभ्य माणसाने वर्णन करू नये. चंद्र-सूर्याचा अर्थ आचंद्रार्क: जोवर ते आकाशात आहेत तोवर हे दान टिकेल. खालच्या गाढवाचा अर्थ: जो कुणी हे दान मोडेल, त्याच्या कुळाला हा शाप. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखातही हा शाप आहे आणि तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. म्हणजे मराठी लिहिती झाली त्या पहाटेलाच ती 'दिलेलं परत घ्यायचं नाही' हे बजावत होती. दान देणाऱ्या राजाला ठाऊक होतं, की खरा धोका चोराचा नसतो. तो पुढच्या राजाचा असतो.

खानदेशातल्या एका शिलालेखाची गोष्ट तर आपल्या विषयाच्या आणखी जवळची. चाळीसगावपासून काही कोसांवर, सातमाळ्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. तिथल्या देवळातला लेख १२०७ च्या सुमाराचा; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो जगापुढे आणला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या ज्योतिषी चांगदेवाने तिथे एक मठ काढला. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या योगी चांगदेवाशी यांची गल्लत नको. हा चांगदेव थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू. मठ कशासाठी? तर आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. स्थानिक निकुंभ राजांनी मठाला दान दिलं आणि उत्पन्नाची सोय लावली. ती अगदी बारीकसारीक आहे: गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. पळीभर तेलावर दिवा जळणार, दिव्याखाली कुणीतरी भास्कराचार्यांची 'लीलावती' वाचणार.

लेखाची भाषाही बघण्यासारखी आहे. वंश, विद्या, कीर्ती हे संस्कृत श्लोकांत. पण कुणी काय द्यायचं हा व्यवहाराचा भाग त्या काळच्या मराठीत. पंडितासाठी एक थर, तेल्यासाठी दुसरा. आज क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवानाही असाच थरांचा असतो: वकिलांसाठी लांबलचक कायदेशीर मजकूर, आणि तुमच्या-माझ्यासाठी साध्या भाषेतलं छोटं पान. आठशे वर्षांचं अंतर, पण देणाऱ्याच्या मनातली काळजी तीच. ज्याला पाळायचं आहे त्याला ते कळायला हवं.

अर्थात, त्या काळच्या मठाची दारं सगळ्यांना उघडी नव्हती. तरीही ग्रंथ थांबला नाही. 'लीलावती' ११५० ची. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने तिचं फारसी भाषांतर केलं. पुढे ती इंग्रजीत गेली.

आणि त्या 'लीलावती'त, अंकपाश नावाच्या भागात, एक गणित आहे जे मला नेहमी या खेळाची आठवण करून देतं. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं आहेत. ती हातांत अदलाबदल करून ठेवली, तर किती रूपं होतील? आणि हरीच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ, शंख बदलली तर? हरीची २४. शंभूची ३६ लाख २८ हजार ८००. नियम एका ओळीचा, रूपं लाखांची. सोंग घेऊन खेळायच्या खेळाचं सगळं गुपित या गणितात आहे. नियम मुठीत मावतात, म्हणून तर ते वाटता येतात. आणि वाटले, की प्रत्येकाच्या हातात आयुधं वेगळ्या क्रमाने जातात.

घर ओलांडल्यावर

मामांचा निकाल ओट्यावर पुरेसा होता. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या पुन्हा भेटणार असतात, आणि पणाला लागतात त्या काड्या. खेळ गावाबाहेर पडला, की नियम लिहून काढावे लागतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम लेखी केले, म्हणून गल्लीतला खेळ मैदानात आणि पुढे देशभर गेला. आणि खेळाभोवती बाजार उभा राहिला, की लेखी नियमांच्या शेजारी लेखी वचनही लागतं. बऱ्या काळात दिलेलं आणि वाईट काळात मोडता न येणारं.

त्या वचनामुळे आज काय शक्य आहे, ते सांगतो. पाचव्या आवृत्तीचा तो दस्तऐवज कंपनीने फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्येही मोकळा केला आहे. मराठीत मात्र केलेला नाही. पण करायला कुणाची परवानगी लागत नाही. जळगावचा एखादा छापखाना उद्या तो मराठीत आणू शकतो, धुळ्याच्या कॉलेजातली पोरं त्याचा अहिराणी अवतार काढून विकू शकतात. मोबदला शून्य. देणं एकच: पुस्तकात ठराविक श्रेय-ओळ छापायची, की मूळ मजकूर अमक्यांचा, अमक्या परवान्याखाली. मुखपृष्ठावर मात्र मूळ खेळाचं बोधचिन्ह लावायचं नाही. ती भरितावरची पाटी अजून त्यांचीच आहे. 'पाचव्या आवृत्तीशी जुळणारा' असं म्हणायला हरकत नाही.

नंतरच्या एका आखाजीला मी वीस पैलूंचा फासा मामांकडे घेऊन गेलो. सोबत मोडक्यातोडक्या मराठीत उतरवलेले दहा पानांचे नियम, तळाशी बारीक अक्षरात ती श्रेय-ओळ. मोठी माणसं पत्त्यांत गुंतलेली होती. मामांनी फासा हातात घेऊन फिरवून पाहिला, सागरगोट्यासारखा वर उडवून झेलला आणि पोरांकडे दिला. पोरांनी निंबाखाली गोणपाट टाकलं आणि लळिंगचा किल्ला मांडला. तासाभराने भाचीने नियमांची पानं परत आणून दिली. आमरसाचे दोन ठिपके पडले होते. शेवटच्या पानावर, श्रेय-ओळीच्या खाली, पेन्सिलीने एक नियम वाढवलेला होता: वीस पडले तर पहारेकऱ्याला झोप लागते.